पाच मिनिटांचे काम

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो दिवाणखान्यात सहसा काढला जात नाही. माजघरात त्याची कुजबुज होते, आणि रुग्णाच्या खोलीत तर पुष्कळदा त्याविषयी कोणी बोलतच नाही. विषय आहे लघवीच्या नळीचा. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेले, प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे ज्यांची लघवी अडते, पाठीच्या कण्यास इजा झाल्यामुळे ज्यांना लघवीची जाणीवच होत नाही, असे कितीतरी लोक ह्या नळीच्या आधाराने घरी दिवस काढीत असतात. रुग्णालयातून घरी पाठविताना औषधांची चिठ्ठी त्यांना नीट समजावून दिली जाते. नळीविषयी मात्र 'महिन्याने बदलून घ्या' ह्या तीन शब्दांपलीकडे बहुधा काही सांगितले जात नाही.

बऱ्हाणपुरातील इतवाऱ्यात मी राहते. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी शेजारपाजारची माणसे अडीअडचणीला हाक मारतातच. असेच एकदा गल्लीतील एक सूनबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, बाबांची नळी आज बदलायची आहे. ओळखीचा एक मुलगा येतो म्हणाला आहे. पाच मिनिटांचे काम आहे म्हणतो. तुम्ही जरा येऊन उभ्या राहाल का?"

मी गेले. मुलगा मनाने चांगला होता, हातही हलका असावा. परंतु नव्या नळीचे पाकीट त्याने गादीवर उघडून ठेवले होते, हातात भ्रमणध्वनी होता, आणि पिचकारीत भरण्यासाठी पेल्यात घरातील पिण्याचे पाणी घेतले होते. मी विचारले, "आधीची नळी कोणत्या क्रमांकाची आहे?" कोणालाच ठाऊक नव्हते. "ती घातली कधी?" मुलगा म्हणाला संक्रांतीच्या आधी, सूनबाई म्हणाल्या नंतर. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मी त्या मुलाला म्हटले, "बाळ, जरा बस. हे काम पाच मिनिटांचे नाही." त्या दिवशी त्या घरात जे सांगितले, तेच आज आपणांस सांगणार आहे. रेडिओवर ऐकून कोणी नळी घालावयास शिकू नये. ते प्रशिक्षित हाताचेच काम आहे. परंतु तो हात कसा चालावयास हवा हे घरच्या माणसाला ठाऊक असले, तर पुष्कळ अनर्थ टळतात.

मूत्राशयात नळी घालून अडलेली लघवी काढण्याची कल्पना फार प्राचीन आहे. सुश्रुताने आपल्या यंत्रांमध्ये वीस प्रकारची नाडीयंत्रे सांगितली आहेत. तथापि, घातलेली नळी आत टिकून राहावी कशी, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत नीटसा सुटला नव्हता. ती चिकटपट्टीने बांधावी लागे, नाहीतर टाका घालून अडकवावी लागे. अमेरिकेतील फ्रेडरिक फोली नावाच्या शल्यवैद्याने १९३० च्या दशकात नळीच्या टोकाशी रबराचा लहानसा फुगा बसविला. नळी आत गेल्यावर फुग्यात पाणी भरावयाचे, म्हणजे ती निसटत नाही; काढताना पाणी उतरवून घ्यावयाचे. आजही आपण जी नळी वापरतो ती हीच, आणि डॉक्टर तिला फोलीचा कॅथेटर म्हणतात. युक्ती साधी आहे, उपकार मोठा आहे, आणि धोकाही त्या फुग्यातच आहे. त्याकडे मी पुढे येईन.

नळी बदलण्याच्या दिवशी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की ही नळी अजून हवी आहे काय? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा आहे. नळी आत असेपर्यंत दररोज शंभरातील सुमारे तीन ते सात रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, असा अंदाज जगभर मान्य झालेला आहे. महिनाभर नळी राहिली म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्याच लघवीत जंतू सापडतात. केवळ कपडे ओले होऊ नयेत किंवा रात्री उठावे लागू नये म्हणून नळी ठेवणे, हे सोयीसाठी आजार विकत घेण्यासारखे आहे. कित्येकांना बाहेरून बसविण्याची पिशवी पुरते. कित्येकांना दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढून घेणे व ती नळी लगेच बाहेर काढणे जमते. ही पद्धत अमेरिकेतील जॅक लॅपिडिस ह्यांनी १९७२ साली पुढे आणली, आणि पाठीच्या कण्याची इजा झालेल्या हजारो लोकांची मूत्रपिंडे तिने वाचविली. तेव्हा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, "ही काढून पाहता येईल का?" 'नाही' असे उत्तर आले तर मग पुढचा विचार.

दुसरा प्रश्न, बदलावयाची केव्हा? येथे लोकांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, महिना झाला की बदलावीच. दुसरा म्हणतो, चालते आहे तोवर चालू द्यावी. दोन्ही अपुरे आहेत. नळी कशाची आहे हे आधी पाहावे. साध्या, लेप दिलेल्या रबरी नळीची मुदत तिचा निर्माता साधारणतः चार आठवड्यांपर्यंत देतो. संपूर्ण सिलिकोनच्या नळीची बारा आठवड्यांपर्यंत. ती मुदत ओलांडू नये. परंतु त्या मुदतीच्या आत केवळ तारीख आली म्हणून बदलत सुटण्याचेही कारण नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००९ सालच्या मार्गदर्शनातही ठराविक दिवसांनी नळी बदलण्यापेक्षा नळी चोंदणे, संसर्ग होणे अशा कारणांनी ती बदलावी असेच सांगितले आहे. प्रत्येक बदलाबरोबर थोडी इजा आणि थोडे जंतू आत जातातच.

मग प्रत्येक माणसाची मुदत ठरवावयाची कशी? त्याचे उत्तर जुनी नळीच देते. काढलेली नळी तशीच कचऱ्यात टाकू नये. आधी तिचे टोक पाहावे. ते स्वच्छ असेल तर मुदत योग्य आहे. टोकाशी खरखरीत पांढरट थर जमला असेल, तर पुढच्या वेळी लवकर बदलली पाहिजे.

हा थर कसा जमतो, ते बऱ्हाणपूरच्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या कुंडी भंडाऱ्यात जे कोणी उतरले असतील, त्यांनी भुयाराच्या भिंतींवरचा पांढरा थर पाहिला असेल. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या कुशीतील पाणी कुंडीमागून कुंडीतून शहराकडे आणणारी ही योजना झाली. पाण्यातील चुना शतकानुशतके भिंतींवर बसत गेला आणि वाट अरुंद होत गेली. नळीतही काहीसे असेच होते. परंतु एक फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडचे पाणी जड आहे म्हणून नळी चोंदते असे कित्येक जण समजतात, ते खरे नव्हे. प्रोटियससारखे काही जंतू लघवीतील युरिया फोडतात, त्यामुळे लघवी क्षारधर्मी होते आणि तिच्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम स्फटिकरूपाने नळीवर बसतात. म्हणून पाणी पिण्याचे कमी करणे हा उपाय नसून अपायच आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विशेष. वैद्यांनी हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन घातले नसेल, तर भरपूर पाणी द्यावे. त्यात लिंबाचे सरबतही उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष बदलण्याकडे वळू. येथे मला माझीच एक चूक सांगावयाची आहे. मी उमेदवारी करीत होते. वॉर्डात गर्दी होती, एका वृद्ध गृहस्थांची नळी बदलावयाची होती, आणि मला पुढच्या खाटेकडे जाण्याची घाई होती. नळी बरीच आत गेली असे मला वाटले. लघवी दिसण्याची मी वाट पाहिली नाही. फुग्यात पाणी भरू लागले. त्या गृहस्थांनी एकदम माझे मनगट घट्ट धरले, त्यांच्या कपाळावर घाम फुटला, आणि नळीच्या कडेने रक्त आले. फुगा मूत्राशयात नव्हता, मूत्रमार्गातच होता. मागे उभ्या असलेल्या वडील सिस्टर पुढे झाल्या, त्यांनी शांतपणे पाणी उतरवून घेतले, डॉक्टरांना बोलाविले, आणि मला एवढेच म्हणाल्या, "तुला कोणी थांबू नको म्हटले होते का?" त्या गृहस्थांना पुढे बरे वाटले, परंतु अशा इजेने मूत्रमार्ग आक्रसून पुढे वर्षानुवर्षे त्रास होणारे रुग्णही मी पाहिले आहेत. ते मनगटावरचे बोट मला आजही जाणवते. माझी सारी विद्या मी त्या एका प्रश्नातून शिकले, असे म्हटले तरी चालेल. ह्या कामात सुरक्षितता म्हणजे योग्य जागी थांबणे.

म्हणून कोठे कोठे थांबावयाचे ते सांगते.

पहिले थांबणे तयारीच्या वेळी. उजेड, स्वच्छ जागा आणि आडोसा हवा. दोन नळ्या असाव्यात, एक वापरावयाची आणि एक राखीव. क्रमांक तोच, जो आधी सोसलेला आहे. प्रौढांना बहुधा चौदा किंवा सोळा क्रमांक पुरतो. जाड नळी म्हणजे चांगली नळी, हा समज चुकीचा आहे. स्त्रियांसाठी आखूड नळी मिळते. ती पुरुषाला कधीही वापरू नये, कारण तिचा फुगा मूत्रमार्गातच फुगेल. मुदतीची तारीख पाहावी. रुग्णाला रबराची ॲलर्जी आहे काय, रक्त पातळ होण्याची औषधे चालू आहेत काय, मागच्या वेळी त्रास झाला होता काय, हे विचारावे. पाकीट वेळेआधी उघडू नये.

दुसरे थांबणे हात धुताना. साबणाने नीट हात धुवून, ते पूर्ण कोरडे करून मगच हातमोजे. जुनी नळी काढण्याचे हातमोजे वेगळे. ती काढल्यावर ते टाकून, पुन्हा हात धुवून, नव्या नळीसाठी निर्जंतुक हातमोजे घालावयाचे. मोजे घातलेल्या हाताने भ्रमणध्वनीला, पलंगाला किंवा चष्म्याला स्पर्श केला, तर तो हात निर्जंतुक राहिला नाही.

तिसरे थांबणे जुन्या फुग्याचे पाणी उतरविताना. पिचकारी जोडून पाणी आपले आपण येऊ द्यावे. जोराने ओढले तर, विशेषतः सिलिकोनच्या नळीत, फुग्याला घड्या पडतात आणि निघताना त्या मार्ग खरवडतात. पाणी येतच नसेल तर नळी कापावयाची नाही. 'कापली की पाणी गळून जाईल' हा बाजारी सल्ला अत्यंत धोक्याचा आहे. पाणी न उतरता नळी आत सरकून गेली, तर शल्यवैद्याकडे धाव घ्यावी लागते.

चौथे थांबणे जेलीनंतर. बधिर करणारी निर्जंतुक जेली पुरुषाच्या मूत्रमार्गात हळूहळू सोडल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबलेच पाहिजे. बहुतेक वेदना ह्या न थांबलेल्या पाच मिनिटांच्या असतात. खोबरेल तेल, व्हॅसलीन ह्यांचा येथे काही उपयोग नाही. तेलाने रबर बिघडते.

पाचवे थांबणे वाट अडेल तेथे. पुरुषात नळी मूत्राशयाच्या तोंडाशी थोडी अडते. तेथे जोर करावयाचा नाही. रुग्णाला दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे, किंचित खोकावयास सांगावे, आणि स्नायू सैल पडण्याची वाट पाहावी. तरीही जात नसेल तर प्रयत्न सोडून डॉक्टरांकडे न्यावे. स्त्रीच्या बाबतीत नळी चुकून योनिमार्गात गेली, तर ती लगेच उपसून पुन्हा तीच घालू नये. तिला खूण म्हणून तेथेच राहू द्यावे, दुसरी निर्जंतुक नळी वरच्या मार्गात घालावी, आणि मगच पहिली काढावी.

सहावे थांबणे माझ्या चुकीच्या जागी. पुरुषात नळी तिच्या दुफाट्यापर्यंत आत गेली पाहिजे. स्त्रीत लघवी दिसल्यावर आणखी थोडी पुढे सरकविली पाहिजे. लघवी वाहताना डोळ्यांनी दिसली, की मगच फुगा. फुग्यात निर्जंतुक पाणीच भरावयाचे, आणि नळीवर लिहिले असेल तेवढेच. मिठाचे पाणी नको, त्याचे स्फटिक बनून वाट बंद होते. हवाही नको. पिण्याचे पाणी तर नकोच. आणि भरताना पिचकारीकडे नव्हे, रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावयाचे. तो कळवळला, की थांबावयाचे.

सर्व झाल्यावर पुरुषाच्या शिश्नाग्रावरील त्वचा पूर्ववत पुढे आणली आहे ना, ते पाहावे. ती मागे राहिली तर काही तासांत सूज येऊन मोठीच आपत्ती ओढवते. नळी मांडीला सैलसर अडकवावी, म्हणजे ओढ बसत नाही.

मग राहते घरच्यांचे काम, आणि ते दररोजचे आहे. पूर्वी ही लघवी उघड्या बाटलीत उतरत असे. अशा रीतीने चार दिवसांच्या आत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या मूत्राशयात जंतू पोचत. नळी आणि पिशवी ही सांधा न उघडता एकसंध ठेवली तर हा संसर्ग कित्येक दिवस लांबणीवर पडतो, हे १९६६ साली अमेरिकेतील क्युनिन आणि मॅक्कॉर्मॅक ह्यांनी दाखवून दिले. म्हणून सांधा उगीच उघडू नये. कुंडी भंडाऱ्याचे पाणी उतारानेच वाहते, लघवीचेही तसेच. पिशवी सदैव मूत्राशयाच्या खाली असावी, परंतु जमिनीला टेकू नये. रुग्णाला बसविताना ती पोटावर ठेवण्याची सवय सोडावी. पिशवी पूर्ण भरण्याची वाट न पाहता, हात धुवून, तोटी भांड्याला न टेकविता रिकामी करावी. नळीभोवतीची जागा रोजच्या स्नानाच्या वेळी साबणपाण्याने धुतली म्हणजे पुरे. तेथे दररोज जंतुनाशक मलम लावण्याची गरज नाही.

लघवी थोडी गढूळ दिसली किंवा वास आला, की प्रतिजैविके सुरू करण्याची घाई होते. वर सांगितलेच आहे, की दीर्घकाळ नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू असावयाचेच. त्रास नसताना औषध दिले तर जंतू मरत नाहीत, माजतात. आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा औषध चालत नाही. नळी बदलली म्हणून दर वेळी प्रतिजैविक द्यावयाचे, हेही सर्वांना लागू नाही. कोणाला द्यावे ते डॉक्टर ठरवितील. आणि तपासणीसाठी लघवी पाठवावयाची झाली, तर ती जुन्या पिशवीतील नव्हे. नवी नळी घालून तिच्यातून आलेली लघवी पाठवावी.

मात्र काही लक्षणे दिसली की तासभरही थांबू नये. हुडहुडी भरून ताप येणे. बोलण्यात भ्रम होणे. पिशवीत लघवी येणे बंद होऊन पोट फुगणे. रक्ताच्या गाठी येणे. नळी ओढली जाऊन फुग्यासह बाहेर येणे. कण्याच्या वरच्या भागास इजा झालेल्या माणसाला एकाएकी डोके फुटेल असे दुखू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर नळी चोंदलेली असू शकते आणि रक्तदाब जिवावर बेतेल इतका वाढलेला असू शकतो. अशा वेळी रुग्णाला उठवून बसवावे, नळीला पीळ पडला आहे काय पाहावे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

श्रोतेहो, इतवाऱ्यातील त्या सूनबाईंनी हौसेने परक्या मुलाला बोलाविले नव्हते. वृद्ध माणसाला रिक्षात घालून रुग्णालयात नेणे, तेथे रांगेत बसविणे, पुन्हा आणणे, ह्यात घरच्यांचा दिवस आणि मजुरी बुडते. केरळात कोझिकोडे येथे १९९३ साली वेदनाशमनाची सेवा सुरू झाली, आणि पुढे परिचारिका गाडीतून घरोघर जाऊन असे काम करू लागल्या. २००८ साली तेथील शासनाने त्याला धोरणाचे रूप दिले. ही गोष्ट आपल्या गावांनाही अशक्य नाही. ती मागण्याचा आपणांस अधिकार आहे. तोवर प्रत्येक घराने एवढे तरी करावे, की नळीची एक वही ठेवावी. घातल्याची तारीख, क्रमांक, नळीचा प्रकार, फुग्यातील पाणी, बदलण्याचे कारण, काढलेल्या टोकाची स्थिती, आणि झालेला त्रास, एवढे लिहावे. पाकिटावरची चिठ्ठीच वहीत चिकटवली तरी निम्मे काम होते. रात्री-अपरात्री कोणी नवा डॉक्टर आला, तर ती वहीच त्याच्याशी बोलते.

आणि शेवटी, ज्याची नळी बदलावयाची आहे त्याच्याशी बोलावे. त्या दिवशी मी बाबांच्या उशाशी बसून काय काय करणार ते सांगितले, आणि विचारले, "बाबा, करू या ना?" त्यांनी भिंतीकडचे तोंड फिरविले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कोणी मला विचारले." बाहेरच्या माणसांना खोलीबाहेर पाठविले, अंगावर चादर राहू दिली, आणि काम केले. पाऊण तास लागला. सूनबाईंनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली, आणि तो ओळखीचा मुलगा शेवटपर्यंत दाराबाहेर थांबून होता. जाताना म्हणाला, "सिस्टर, मला हे शिकायचे आहे. नीट, जिथे शिकवतात तिथे जाऊन."

मला वाटते, त्या पाऊण तासाचे सार्थक झाले.